पेट्रोलचा रुमाल

गजभिये सरांच्या खिशात दोन रुमाल असत. डाव्या खिशातला घामाचा, उजव्या खिशातला पेट्रोलचा. घामाचा कसलाही चाले, चौकटीचा, किनारीचा, एकदा तर कुणाच्या तरी लग्नातल्या आहेरातला गुलाबी. पेट्रोलचा मात्र पांढराशुभ्र, इस्त्री केलेला. त्यावर कुठे निळसर डाग दिसला की दुसऱ्या दिवशी नवा. त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, मला एकदा म्हणाल्या, "बघायला आले तेव्हा माझ्याकडे कमी आणि दोरीवरच्या कपड्यांकडे जास्त बघत होते. मला आता कळतंय का ते."

आमची कंपनी अगदी लहान होती. शहराच्या कडेला, जिथे सोसायट्या संपून ऊस सुरू होतो, तिथे एक खाजगी धावपट्टी, एक हँगर आणि दोन छोटी विमानं. विमानं दुसऱ्यांची, कारखानदारांची; ती सांभाळायची आम्ही. सर देखभालीचे इंजिनिअर होते. मी कागद सांभाळायची. प्रत्येक स्क्रूचा, प्रत्येक नळीचा कागद असतो आणि तो योग्य फायलीत योग्य जागी लागतो की नाही, एवढंच माझं काम. मला ते आवडायचं, कारण त्यात बोलावं लागत नसे.

पहिल्याच आठवड्यात मी रजिस्टरमध्ये मराठीत दोन ओळी लिहिल्या होत्या. त्या कॅप्टन निंबाळकरांच्या हाती लागल्या. कॅप्टन मोठ्या आवाजाचे, मोठ्या मिशांचे, आणि मनाने वाईट नव्हते. त्यांनी त्या दोन ओळी चहाच्या वेळी सगळ्यांना वाचून दाखवल्या आणि म्हणाले, "कोथरूडची मुलगी आणि एका ओळीत चार चुका. आता इतरांनी कुणाकडे बघायचं?" सगळे हसले. मीही हसले. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरी मराठी फक्त बोलण्यापुरती. त्या दिवसानंतर मी ऑफिसात मराठीत एक अक्षर लिहिलं नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही. सर तेवढे हसले नव्हते. ते बशीत चहा ओतत होते. त्यांनी फक्त विचारलं, "तेल बदललं हे कळलं ना कॅप्टन तुम्हाला? मग पुरे."

सरांचे वडील नागपूरकडून येऊन खडकीच्या दारूगोळा कारखान्यात लागले होते. सरांचं लहानपण तिथल्या क्वार्टर्समध्ये गेलं. वडील तपासणी विभागात होते आणि घरीसुद्धा कुकरची शिट्टी, गॅसची नळी, दाराची कडी सगळं दोनदा तपासत. सर हे हसत सांगायचे, आणि सांगताना समोरच्या खुर्चीचा पाय हलतोय का ते बघायचे. बोलणं पुण्याचंच, पण रागावले की 'का'च्या जागी "काऊन?" असा एकच नागपुरी शब्द बाहेर पडे. ते ऐकलं की मेकॅनिक मंडळी मोबाइल खिशात टाकत.

संध्याकाळी सहाला ते गेटपाशी उभे राहत. नमस्कार वगैरे काही नाही. प्रत्येक दुचाकीच्या साइड स्टँडकडे बघायचे. वर असेल तर गप्प. खाली असेल तर "स्टँड". एवढाच शब्द. माझी स्कूटी महिन्यातून दोनदा तरी त्या शब्दाला थांबलेली असे.

बाकी लोक जेवताना व्हिडिओ बघतात, सर अपघातांचे अहवाल वाचत. जगात कुठेही छोटं विमान पडलं की त्याचा अहवाल काही महिन्यांनी येतो. तो ते प्रिंट काढून घेत आणि डब्याशेजारी उभा करून ठेवत. वर्तमानपत्रात 'तांत्रिक बिघाडामुळे' असं छापून आलं की त्यांना घास गिळवत नसे. "हे कारण नाही," ते म्हणायचे, "हा लिहिणाऱ्याचा कंटाळा आहे. बिघाड कुठला? तो कुणी बघितला होता? बघून काय केलं?" एका अहवालात त्यांना नऊ कारणं सापडली होती. त्यातलं एक होतं, मेकॅनिकचा चष्मा घरी राहिला. ते कारण त्यांना सर्वांत जास्त आवडलं होतं. "बाकीची आठ कुणीही लिहील. चष्म्यापर्यंत जो पोचला तो खरा."

रुमालाचं कारण त्यांनी मला स्वतःहून दाखवलं. मी रुजू होऊन महिना झाला असेल. सकाळी सातला ते विमानाच्या पंखाखाली वाकले, टाकीच्या तळाची छोटी चावी दाबून काचेच्या बरणीत थोडं पेट्रोल काढलं. या विमानांचं पेट्रोल फिकट निळं असतं.

"काय दिसतं?"

"पेट्रोल."

"पाणी असतं तर?"

"खाली बसलं असतं. वर निळं, खाली पांढरं. मध्ये रेघ."

"बरोबर. आणि बरणीत नुसतंच पाणी आलं तर?"

मी विचार केला. नुसतंच पाणी आलं तर रेघ दिसणार नाही.

"मग रंग बघायचा," मी म्हणाले.

त्यांनी बरणी आभाळाकडे धरली. ऑक्टोबरसारखं स्वच्छ आभाळ होतं. "आता पाणी असतं तर कुठला रंग दिसला असता?"

मी वर बघितलं. त्यांनी उजव्या खिशातून रुमाल काढला, झटकला, बरणीमागे धरला. "माणूस सकाळी सकाळी बरणी वर धरतो, मागे आभाळ निळं, पाणी निळं दिसतं, माणूस म्हणतो छान आहे. इंजिन सुरू व्हायला, पट्टीवर धावायला नळीतलं पेट्रोल पुरतं. पाणी इंजिनपर्यंत पोचतं तेव्हा चाकं नुकतीच उचललेली असतात. परत यायला उंची नाही, पुढे जायला ताकद नाही."

कॅप्टन लांबून बघत होते. ओरडले, "गजभिये, लग्नातपण अंतरपाटावर धरून बघितली का हो बायको?"

"आमच्यात अंतरपाट नसतो कॅप्टन," सर बरणी पुसत म्हणाले. "सगळं आधीच दिसतं."

दुसरी त्यांची सवय सहीची. न वाचता त्यांनी सही केल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. एकदा कुरिअर आलं. पावतीवर सही हवी होती. सरांनी पावती उलटी केली आणि मागचा बारीक मजकूर वाचायला घेतला. कुरिअरवाला या पायावरून त्या पायावर होत होता. शेवटी म्हणाला, "साहेब, आजवर कुणीच वाचलं नाही ते."

"मग छापता कशाला?" सरांनी विचारलं, आणि उरलेलं वाचून सही केली.

वर्षात ते एकच रजा घेत. दसऱ्याला नागपूरला, दीक्षाभूमीवर. वडिलांबरोबर जात, वडील गेल्यावर आईला घेऊन, आणि आता काकूंबरोबर. दसऱ्याच्या दोन दिवस आधी रात्रीची गाडी धरायची, हे ठरलेलं.

त्या वर्षी मोठ्या विमानाच्या टाकीच्या झाकणाचं रबर कडक झालं होतं. झाकण बसे, पण घट्ट नाही. नियमात ते पुढच्या तपासणीपर्यंत चालण्यासारखं होतं, नवीन रबर मागवलेलं होतं, आणि सर परत येईपर्यंत विमान उडणारही नव्हतं. पण खंडेनवमीला विमानं धुतली जात. हत्यारांची, यंत्रांची पूजा, झेंडूचे हार, पंख्याला कुंकू. बबनमामा दरवर्षी पूजेआधी मोटरचा पाइप लावून विमान असं धूत की कॅप्टनना त्यात मिशा दिसत. बबनमामा शेजारच्याच गावचे, साठीला आलेले, हँगर झाडण्यापासून पूजेचा नारळ फोडण्यापर्यंत सगळं त्यांच्याकडे.

निघायच्या दिवशी दुपारी सरांनी एका कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलं: 'टाकीच्या झाकणाजवळ पाइप मारू नये. पंखाचा वरचा भाग ओल्या फडक्यानेच पुसावा.' कागद मला दिला. "हे मोठ्या अक्षरात टाइप कर. बबनला पाण्याच्या नळापाशी दिसेल असं लाव."

मी कॉम्प्युटरवर मराठी टाइप करायला घेतलं. 'झाकणाजवळ' नीट उमटेना. 'पुसावा' ऱ्हस्व की दीर्घ, कागद समोर असूनही खात्री वाटेना, कारण सरांचं अक्षर घाईचं होतं. आणि तो कागद दोन दिवस भिंतीवर राहणार होता. कॅप्टन त्या नळावर रोज हात धुवायचे. मला त्यांचा आवाज आधीच ऐकू आला.

मी ती सूचना इंग्रजीत केली. आमच्या सगळ्या सूचना इंग्रजीतच असत, तसाच साचा होता, वर कंपनीचं नाव, खाली सहीची जागा. दोन मिनिटांत झाली. चार वाजता सर एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात पाण्याची बाटली घेऊन निघाले तेव्हा मी ती पुढे केली. त्यांनी घड्याळात बघितलं, मग माझ्याकडे.

"केलंस ना मी दिलं तसं?"

"हो सर."

त्यांनी बॅग खाली न ठेवता, माझ्याच फायलीवर कागद टेकवून सही केली. वाचलं नाही.

मी सूचना नळापाशी लावली. सरांचा हाताने लिहिलेला कागद माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवला. मी काही टाकून देत नाही.

खंडेनवमीला विमान धुतलं गेलं. दसऱ्याच्या सकाळी मालकांचा फोन आला की मोठ्या विमानातून सीमोल्लंघन करायचं आहे, धाकट्या भावाला फेरी मारून आणा. कॅप्टन खुशीत होते. उन्हासाठी बाहेर लोखंडी पाइपांवर निळी ताडपत्री टाकलेली असे, तिच्याखाली विमान उभं होतं. हार घातलेला, पेढ्यांचा बॉक्स पंखावर. कॅप्टननी बरणीत पेट्रोल काढलं आणि वर धरलं.

"ए, फोटो काढ. गजभियेला पाठव. तिकडे त्याचा जीव टांगणीला असेल."

मी फोटो काढला. रुमाल नाही, हे माझ्या लक्षात आलं. तोंडात वाक्य तयार होतं, 'कॅप्टन, पांढरं कापड'. आजूबाजूला मालकांचे भाऊ, त्यांची माणसं, सगळे हसत होते. मी ते वाक्य गिळलं आणि फोटो पाठवला. मला वाटलं, सर बघतील, सर सांगतील. एक करडी टिक आली. दुसरी आली नाही. दीक्षाभूमीच्या गर्दीत कुणाचेच फोन लागत नाहीत.

विमान पट्टी सोडून उसाच्या वर गेलं आणि आवाज थांबला. एवढंच मला सांगता येतं. त्यात दोघं होते, दोघंही गेले.

सर दुसऱ्या दिवशी दुपारी आले, स्टेशनवरून थेट, बॅगेसकट. चौकशीचे अधिकारी येऊन बसले होते. माझ्या फोनमधला फोटो सगळ्यांनी पाहिला होता आणि सगळ्यांचं मत एकच होतं, बरणीत निळं पेट्रोल आहे, म्हणजे पेट्रोल ठीक होतं, म्हणजे कारण दुसरीकडे. सरांनी फोटो मोठ्या स्क्रीनवर लावायला सांगितला. बराच वेळ बघितला. मग उठले, नळावर जाऊन बरणी पाण्याने भरली, ताडपत्रीखाली उभे राहिले आणि बरणी वर धरली. पाणी फोटोतल्याइतकंच निळं दिसलं. मग त्यांनी खिशातून रुमाल काढून मागे धरला. निळेपणा गेला.

नळापाशी गेले होते म्हणजे त्यांनी भिंतीवरचा कागद पाहिला असणार. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

पुढचं सगळं कागदावर नीट होतं. टाकीत पाणी पोचलं झाकणातून. झाकणावर पाइप मारला बबनमामांनी. पाइप मारू नये अशी सूचना भिंतीवर होती. अधिकाऱ्यांनी मला विचारलं, सूचना विमान धुण्याच्या आधी लावली होती का? मी म्हणाले, येस सर. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. सरांना विचारलं, ही सही तुमची का?

"सही माझी. मी वाचली नव्हती."

अधिकाऱ्यांचं पेन थांबलं. "न वाचता सही केलीत?"

"हो. आणि बबनला इंग्रजी येत नाही हे मला माहीत आहे. तेही लिहा."

त्यांनी ते लिहिलं, पण सरांच्या नावापुढे. निष्काळजीपणा, असा शब्द आला. सरांचा सहीचा अधिकार अहवाल येईपर्यंत काढून घेतला गेला. बबनमामांना त्याच आठवड्यात काढलं, लेखी सूचनेकडे दुर्लक्ष केलं म्हणून. ते ऑफिसात शेवटचे आले तेव्हा माझ्या टेबलापाशी थांबले. "कागद व्हता, ताई. म्या पायला. इंग्रजीत व्हता म्हंजी हापिसाचा असंल वाटलं. मराठीत असता तर अक्षरं लावून वाचला असता." मग थोडं थांबून म्हणाले, "कॅप्टन साहेबांस्नी मीच टिळा लावला व्हता." मी पाण्याचा ग्लास पुढे केला. माझ्या गुडघ्याला ज्या ड्रॉवरची कड लागत होती त्यात सरांचा कागद होता.

सरांनी तो कागद माझ्याकडे कधी मागितला नाही. आपलं सामान न्यायला आले तेव्हाही नाही. अपघातांच्या अहवालांची फाइल त्यांनी माझ्यासाठी ठेवली आणि गेले. मी ती रोज थोडी वाचत असे. प्रत्येक अहवालात कुठेतरी तो चष्मा होता.

काही महिन्यांनी आमच्या अपघाताच्या अहवालाचा मसुदा आला. सात कारणं होती. माझं त्यात नव्हतं. कुणाला काही म्हणायचं असल्यास ठरावीक मुदतीत लेखी कळवावं, असं खाली होतं. मी घरी बसून एक पान लिहिलं. मराठीत, हाताने, सहा वेळा. सहाव्या वेळेचं पान आणि ड्रॉवरमधला कागद घेऊन रविवारी सकाळी खडकीला सरांच्या घरी गेले.

सर गॅलरीत कुंडीतल्या गवती चहाला पाणी घालत होते. बारीक झाले होते. काकूंनी मला बसवलं, आणि बसवण्याआधी खुर्ची हलवून बघितली. मी दोन्ही कागद टेबलावर ठेवले. सरांनी स्वतःचं अक्षर ओळखलं, पण तो कागद उचलला नाही. "हा तुझ्याकडे असणार हे ठाऊक होतं."

"मग मागितला का नाही?"

"मी मागून तू दिला असतास तर तो माझाच पुरावा झाला असता. तुझा नाही."

त्यांनी टेबल पुसलं, चष्मा लावला आणि माझं पान वाचायला घेतलं. एकदा. मग पहिल्या ओळीपासून पुन्हा. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. चुका काढतील असं वाटलं. त्या नक्कीच होत्या. त्यांनी एकाच शब्दावर बोट ठेवलं.

मी लिहिलं होतं, 'सूचना माझ्याकडून चुकून इंग्रजीत टाइप झाली.'

"चुकून?"

मी मान डोलावली.

"काऊन चुकून? तुला मराठी येत होतं. माझा कागद समोर होता. कशासाठी केलंस?"

"लाज वाटली. कॅप्टन हसतील म्हणून."

"मग ते लिही. 'चुकून' हा पण कंटाळाच आहे."

काकू म्हणाल्या, "अहो, मुलीला चहा तरी घेऊ द्या."

"घेऊ दे की. लिहिता लिहिता घेईल."

त्यांनी आपलं पेन दिलं. मी तिथेच, त्यांच्या टेबलावर, 'चुकून' खोडलं आणि वर लिहिलं. फोटोबद्दलही लिहिलं, जे सहाही वेळा लिहिलं नव्हतं: रुमाल नव्हता हे मला दिसलं होतं. लिहून झाल्यावर त्यांनी पुन्हा सगळं वाचलं. माफ केलं असं काही म्हणाले नाहीत, ठीक आहे असंही नाही. "मी फोन बंद करून ठेवला होता, बॅटरी वाचवायला," ते म्हणाले. "संध्याकाळी चालू केला. तो फोटो पहिला आला." पान घडी करून माझ्या हातात दिलं. "बबनला वाचून दाखवलंस?"

"नाही."

"आधी त्याला. मग पोस्टात."

ते जिना उतरून खाली गेटपर्यंत आले. लोहगावकडून एक विमान डोक्यावरून गेलं, रस्त्यावरची दोन माणसं मान वर करून बघत राहिली. सरांनी वर बघितलं नाही. घामाच्या रुमालाने मान पुसली; उजवा खिसा सपाट होता. मी पान पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं, चेन लावली, स्कूटी सुरू केली. ते वाकले, माझ्या पायाजवळ बघितलं.

स्टँड वर होता. तरी ते मी वळेपर्यंत बघत राहिले.